अंगणातली रिंग

बाबांनी स्टँडच्या तळाला पाय लावून हलकेच रेटा दिला. रबरी चाकं करकरली आणि वर बोर्ड, बोर्डाला रिंग, रिंगला पांढरी जाळी असा सगळा डोलारा दुकानाच्या मागच्या आवारात हातभर पुढे सरकला.

"एका माणसाच्यानं हलतो," बाबा म्हणाले. मला नाही, आईला.

आईने मान हलवली. "मग हाच घ्या."

मी दोघांच्या मधे उभी होते. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होताना मी फार दिवसांनी बघत होते. इतक्या दिवसांनी, की स्टँड बघायचा सोडून मी त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिले.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही नागपूरला राहायचो, रिंग रोडच्या पलीकडे एका नव्या लेआउटमध्ये. आजूबाजूचे अर्धे प्लॉट अजून रिकामेच होते. बाबा, दिगंबर बोबडे, पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. भंडाऱ्याकडे एका धरणाच्या कामावर त्यांची नेमणूक होती. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे, सोमवारी पहिल्या बसने परत जायचे. आई, कुमुद, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची आणि घर तीच चालवायची. गॅसचा नंबर लावण्यापासून माझ्या तापापर्यंत सगळं तिच्याच अंगावर होतं. बाबा घरी असले की आमचं घर जास्त शांत व्हायचं. भांडणं नव्हती; भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं. आई वाढायची, बाबा जेवायचे, मग ते पेपर घेऊन पुढच्या खोलीत आणि आई वह्या तपासायला मागच्या खोलीत. मला वाटायचं, सगळ्यांचे आईबाबा असेच असतात.

मी बास्केटबॉल खेळायचे. शाळेच्या संघात होते, विभागीय सामने खेळून आले होते, आणि आमचे शेंडे सर म्हणायचे की पोरीचा हात चांगला आहे, पण शाळा सुटल्यावर तासभर खेळून भागत नाही. हे मी घरी कधीतरी सांगितलं असेन. रिंग काही मागितली नव्हती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाबा जेवता जेवता म्हणाले, अंगणात शर्वरीसाठी रिंग लावू. आई म्हणाली, परीक्षा झाल्यावर बघू. त्यावर बाबा म्हणाले, नाही, आत्ताच. त्यांच्या आवाजात हट्ट होता, आणि बाबा हट्ट करणाऱ्यातले नव्हते. आई जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि भात आणायला उठली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बर्डीवर पालीवालांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिघांनी मिळून बाजारात जायचं हेच मला अप्रूप होतं. आईने तिची जांभळी इरकल नेसली होती. बाबांनी दाढी केली होती.

पालीवाल उत्साही माणूस होता. रिंग तीन तऱ्हेने लावता येते, असं त्याने समजावून सांगितलं. एक म्हणजे भिंतीला ब्रॅकेट मारायची. दुसरं, जमिनीत लोखंडी खांब रोवून त्यावर बोर्ड बसवायचा. तिसरा हा चाकांचा स्टँड. शाळा आणि क्लबांसाठी हिंगण्याच्या कारखान्यात बनवून घेतात, तळाच्या पेटीत वाळूची पोती टाकली की उभा राहतो. भिंतीचा विषय बाबांनी लगेच मिटवला. पोर्चची भिंत अर्ध्या विटेची होती, रोजच्या धक्क्यांनी तिला तडे गेले असते. राहिले दोन. बाबांनी खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ चाकांच्या स्टँडपाशी गेले, आणि आई त्यांच्या मागोमाग.

मी बॉल मागून घेतला आणि त्या स्टँडवर मारून बघितला. बॉल बोर्डाला लागला की अख्खा स्टँड थरथरायचा. रिंगला घासून गेला तरी डुलायचा. मी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, वाळू जास्त भरू. मी म्हटलं, वाळूने तळ बसेल, वरचा बोर्ड हलायचा तो हलणारच. शाळेत फिक्स पोल आहेत, सामन्यात फिक्स असतात, मग हलत्या रिंगवर सराव करून माझा हात बिघडेल. आई म्हणाली, थोडं हललं तर काही होत नाही, अंगण आहे, मैदान नाही. बाबा म्हणाले, पावसात पोर्चमध्ये ओढून घेता येईल. आई म्हणाली, झाडायला सोपं. एकापाठोपाठ एक ते दोघं चाकांची बाजू मांडत होते, एकाचं वाक्य संपलं की दुसरा तिथून पुढे. मला ते ऐकताना बरं वाटत होतं आणि रागही येत होता.

"आपल्याला कुठं जायचं आहे का?" मी शेवटी म्हटलं. "घर आपलं आहे, अंगण आपलं आहे. रिंग एकदा लावली की तिथंच राहणार नं? मग चाकं कशाला?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई जाळीकडे बघत होती.

"बेटी बरोबर बोलून राहिली, साहेब," पालीवाल म्हणाला.

बाबांनी स्टँडवरचा हात काढला. रुमालाने तो पुसला. मग म्हणाले, "फिक्सच द्या."

"अहो," आई म्हणाली. "आपलं ठरलं होतं."

"हो. पण तिला हा हवा आहे."

आई दुकानातून बाहेर जाऊन फुटपाथवर उभी राहिली. मला वाटलं, तिचं ऐकलं नाही म्हणून ती रागावली. बाबांनी खांब, बोर्ड, रिंग असं सगळं पसंत केलं, टेम्पोची व्यवस्था केली. आम्ही बाहेर आलो तेव्हा आई संत्रेवालीशी भाव करत होती आणि तिचा चेहरा नेहमीसारखा होता. डोसा खायला गेलो. मी खूप बोलले, ते दोघं ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात बाबा शुक्रवारीच आले. त्यांनी रजा घेतलेली मला आठवत नव्हती. मला गोवर झाला होता तेव्हाही त्यांनी घेतली नव्हती. सकाळी ते जुनी पँट चढवून अंगणात उतरले, आणि मजूर लावा असं आई म्हणाली तरी पहार आणि फावडं घेऊन स्वतःच खणायला लागले. आमच्याकडची जमीन काळ्या मातीची. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून पाया खोल लागतो हे मला माहीत होतं. पण बाबा खणतच राहिले. दुपारी त्यांचं फक्त डोकं वर दिसत होतं. शेजारचे उमाळे काका कंपाउंडवरून वाकून म्हणाले, "बोबडे साहेब, रिंग लावून राहिले की पाण्याची टाकी?" बाबा म्हणाले, काळी माती आहे, आणि पुन्हा पहार उचलली. आई पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. तो निवून गेला तरी तिने हाक मारली नाही. ती त्यांना खणताना बघत होती.

दुसऱ्या दिवशी खांब उभा केला. उमाळे काका आणि त्यांचा पुतण्या मदतीला आले, खांब खड्ड्यात उतरवला, आणि मग सरळ करायची वेळ आली तेव्हा बाबांनी त्यांना घरी जायला सांगितलं. ते आईला म्हणाले, "जरा धर."

आईने दोन्ही हातांनी खांब धरला. बाबा चार पावलं मागे गेले, ओळंबा सोडला आणि एक डोळा मिटून बघू लागले.

"थोडा तुझ्याकडे घे."

"इतका?"

"जास्त झाला. थोडा माझ्याकडे."

"आता?"

"तुझ्याकडे. अगदी किंचित."

बराच वेळ हे चाललं. खांब मला केव्हाच सरळ दिसत होता. मग बाबांनी काँक्रीट ओतलं, आई खांब धरून उभीच होती, आणि तिच्या साडीच्या निऱ्यांवर सिमेंटचे शिंतोडे उडाले. ती साडी नंतर तिने कधी नेसलेली मी पाहिली नाही. फेकलीही नाही.

खांबाच्या बुडाशी ओली पोती गुंडाळली आणि आई सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी घालत राहिली. काँक्रीट पक्कं झाल्यावर बोर्ड चढला, रिंग चढली. दहा फुटांवर, टेपने मोजून. पहिला शॉट मी मारला, तो हुकला. दुसरा पडला. रिंग जागची हलली नाही.

मी त्या घरात जितकी वर्षं काढली त्यातले ते महिने सगळ्यात चांगले होते. बाबा आता बुधवारीही एखाद्या गाडीने यायला लागले. संध्याकाळी माझा अभ्यास झाला की अंगणात यायचे, बॉल अडवून परत द्यायचे. संक्रांतीच्या दिवशी त्यांनी स्वतः मारून बघितलं. खालून, दोन्ही हातांनी, बादलीतलं पाणी भिरकावल्यासारखं. बॉल बोर्डावरून गच्चीवर गेला. आई तिळाच्या लाडवांचे चिकट हात घेऊन दारात आली होती. ती हसली, मोठ्याने, पदर तोंडाला लावून. बाबाही हसले. मग हसणं थांबलं तरी ते दोघं एकमेकांकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मी गच्चीवरून बॉल आणायला पळाले. वरून पाहिलं तर आई आत गेली होती आणि बाबा खांबाला टेकून उभे होते.

अशीच एक संध्याकाळ फेब्रुवारीतली. बाबा खांबाला रंग देत होते. आधी रेड ऑक्साइड झाला होता, आता निळा ऑइलपेंट चालला होता. आई पायरीवर मटार सोलत बसली होती. मी भूगोलाचं पुस्तक घेऊन झोपाळ्यावर होते. आई म्हणाली, "पुढं याच्याकडे कोण बघणार?"

बाबांचा ब्रश थांबला. ते खांबाकडे बघत म्हणाले, "रेड ऑक्साइडचे दोन हात मारले आहेत. वीस वर्षं गंजत नाही."

आईने उरलेले मटार सोलले, सालं पदरात घेतली आणि आत गेली. बाबांनी रंग पुरा केला.

शेवटचा पेपर एप्रिलमध्ये झाला. मी घरी आले तर बाबा आठवड्याच्या मधेच घरी होते. कूलर चालू होता, खोलीत वाळ्याचा वास होता. आईने मला जवळ बसवलं आणि तिनेच सगळं सांगितलं, वर्गात धडा समजावते तशा आवाजात. नाशिकला लता मावशीच्या ओळखीच्या शाळेत तिला जागा मिळाली होती, जूनपासून. ती आणि मी तिकडे जाणार होतो. बाबा इथेच राहणार होते. कोणाचं कोणाशी वाकडं नव्हतं. कोर्टकचेरी नव्हती. फक्त यापुढे ते दोघं वेगळे राहणार होते. माझी परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

"कधी ठरलं?" मी विचारलं.

"दिवाळीत."

मी बाबांकडे पाहिलं. ते उठून कूलरच्या पाण्याची नळी सारखी करत होते.

"म्हणजे आपण रिंग आणायला गेलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो," आई म्हणाली. "म्हणून तर म्हणत होतो, चाकांचा घेऊ. तुला सोबत नेता आला असता."

मी बाबांना विचारलं की मग त्यांनी माझं का ऐकलं. ते म्हणाले, तुला हवा होता म्हणून. एवढंच. नळी सारखी झाली होती तरी ते तिथेच वाकून उभे होते.

आम्ही मे महिन्यात गेलो. ट्रकमध्ये आईचं कपाट, पुस्तकं, शिवणयंत्र, माझी सायकल गेली. सामान चढवणाऱ्या माणसांपैकी एकाने खांबाकडे बोट दाखवून विचारलं, हा न्यायचा काय, आणि बाबा त्याला म्हणाले, नाही, तो राहील.

नाशिकच्या माझ्या कॉलेजात मुलींचा संघ नव्हता. मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पहिल्या वर्षी मी जायचे, दुसऱ्या वर्षी क्लास लागले, मग सुटलंच. कुणी सोडायला लावलं असं नाही. सुट्टीत नागपूरला जायचे तेव्हा रिंगला नवीकोरी जाळी असायची. बाबा मी यायच्या आधी बदलून ठेवायचे. पहिली दोन वर्षं मी रागाने बॉलला हात लावला नाही, आणि ते कधी खेळ म्हणाले नाहीत. पुढे राग ओसरला, तोवर हाताची सवय गेली होती. आजूबाजूचे प्लॉट भरले, घरं झाली, त्या घरांतली पोरं संध्याकाळी आमच्या फाटकातून आत यायची. बाबा त्यांचे बॉल अडवून परत द्यायचे.

आईने तिची बाजू मला सांगितली ती फार वर्षांनी. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याहून नाशिकला गेले होते. माझं लग्न झालं होतं, मुलगी शाळेत जात होती. एका डोळ्यावर पट्टी, वाचायला मनाई, त्यामुळे आई नुसती पडून होती आणि एरवी बोलली नसती असं बोलत होती. फोनवर माझ्या मुलीने आजीला सांगितलं की आमच्या सोसायटीत बास्केटबॉलचं कोर्ट झालं आहे. फोन ठेवल्यावर आई जरा वेळाने म्हणाली, "तुझे बाबा त्या दिवशी किती खोल खणत होते नं."

मी म्हटलं, हो.

मग ती सांगत गेली. लग्नाच्या सतरा वर्षांत बाबांनी तिला एकदाही, तू मला हवी आहेस, अशा अर्थाचं काही म्हटलं नव्हतं. वाईट वागले नाहीत, कमी काही पडू दिलं नाही. पण ती घरात आहे काय आणि नाही काय, त्यांना फरक पडतो की नाही हे तिला कळायचा मार्गच नव्हता. म्हणून तिने दिवाळीत जायचं म्हटलं. आणि बाबा म्हणाले, ठीक आहे. तेवढंच म्हणाले.

"नाशिकला मी होकार कळवला नव्हता," आई म्हणाली. "फेब्रुवारीअखेरपर्यंत वेळ होता. त्यांनी खांब घेतला, एवढा खड्डा खणला, मधेच घरी यायला लागले, तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. मी सगळा हिवाळा थांबले. एकदा म्हणाले असते, जाऊ नको, तर मी गेले नसते."

"तू विचारायचं होतंस."

"विचारलं की. तू तिथंच होतीस. मटार सोलत होते मी. मी म्हटलं, पुढं याच्याकडे कोण बघणार." ती थोडी हसली, पट्टीखालून पाणी आलं ते मी टिपलं, डॉक्टरांनी डोळ्याला ताण नको म्हणून सांगितलं होतं. "ते म्हणाले, रेड ऑक्साइड लावला आहे. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून फोन केला आणि येते म्हणून कळवलं."

मी विचारलं, हे बाबांना कधी सांगितलंस का. ती म्हणाली, आता कशाला. मला नाशिक मानवलं, माणसं मिळाली, मुख्याध्यापिका झाले, वाईट काय झालं. ते खरंच होतं. तिचं आयुष्य रिकामं नव्हतं. मी तो विषय तिथेच ठेवला.

मागच्या डिसेंबरात मी नागपूरला गेले ते बाबांना पुण्याला आणायला. गुडघे साथ देईनासे झाले होते, एकट्याने राहणं धड होत नव्हतं. घर एका बिल्डरला दिलं होतं, तो सगळं पाडून फ्लॅट बांधणार होता. सामान आवरायला आठवडा गेला. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात उन्हाला खुर्च्या टाकून बसलो होतो. बिल्डरचा माणूस येऊन माप घेऊन गेला. खांबाचं काय करायचं असं मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, राहू द्या, जेसीबी काढून टाकेल.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "जेसीबीलाही जड जाईल."

"काळ्या मातीसाठी एवढा पाया लागतो?"

"नाही लागत," ते म्हणाले. "याच्या निम्म्यात भागलं असतं."

त्यांना बोलायचं असलं की मधे बोलायचं नाही, एवढं मी शिकले होते.

"दुकानात तू म्हणालीस, रिंग एकदा लावली की तिथंच राहणार. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, खांब रोवला तर आमचं ठरलेलं मोडेल कदाचित. चाकांचा घेतला असता तर मीच तुम्हाला वाट करून दिली असं झालं असतं. म्हणून रोवला. जितका खोल जाईल तितका. मला वाटलं, ती बघते आहे, तिला कळेल की जाऊ नको म्हणतो आहे."

"तसं म्हणाला का नाहीत?"

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले की त्यांच्या घरी कुणी कुणाला असं काही म्हणत नसे, त्यामुळे ते कसं म्हणायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. आणि ती जायचं म्हणाली, तेव्हा तिला अडवायचा आपल्याला काय हक्क, असंही वाटलं. आठवडाभर घरी नसणारा माणूस आपण.

मग आईने मला जे सांगितलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. फेब्रुवारीपर्यंतची मुदत, थांबून राहणं, मटार, दुसऱ्या दिवशीचा फोन. सांगावं की नाही हा विचार मी तीन वर्षं करत आले होते. ते नीट ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी, फेब्रुवारीतली गोष्ट ना ही, असं विचारलं. सगळं सांगून झालं तेव्हा ते मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"मला वाटलं," ते म्हणाले, "ती गंजाबद्दल विचारते आहे."

ऊन त्यांच्या पायावरून सरकून भिंतीला गेलं. मी चहाचं विचारलं, तर म्हणाले, आधी तिला फोन लावून दे.

मी माझ्या फोनवरून लावला, आईने उचलल्यावर, बाबांना बोलायचं आहे, एवढंच सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. मी स्वयंपाकघरात गेले. खिडकी अंगणात उघडत होती. ऐकू नये असं वाटत होतं आणि मी ऐकत होते.

त्यांनी आधी तब्येत विचारली. मग स्वतःच्या गुडघ्यांचं सांगितलं. उद्या शर्वरीबरोबर पुण्याला निघतो, म्हणाले. घर दिलं, म्हणाले. हो, झाडंही जातील. हो, तो खांबही. मग आई काहीतरी बोलत असावी, ते नुसतं हं, हं करत होते. मग तिकडचंही बोलणं थांबलं असावं, कारण बाबा फोन कानाला लावून गप्प उभे राहिले. एवढ्या वेळात ते खुर्चीवरून केव्हा उठले मला कळलं नव्हतं.

"कुमुद," ते म्हणाले.

मी चहाचं पातेलं हळूच गॅसवर ठेवलं. त्यांच्या तोंडून तिचं नाव मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. मी गॅस बारीक केला, म्हणजे आवाज नको.

"नाही, काही नाही," ते म्हणाले. "डोळा कसा आहे आता?"

पुढे आणखी दोन-तीन वाक्यं झाली. ते आत आले तेव्हा चहा उतू जायच्या बेतात होता. मी गाळणं शोधत होते, ते बांधलेल्या सामानात गेलं होतं.

"बोललात?" मी विचारलं.

"बोललो."

मी वाट बघितली.

"नाशिकला या वर्षी थंडी फार आहे म्हणे," बाबा म्हणाले आणि फोन माझ्या हातात ठेवला.